दुपटीचा हिशोब : आयन ते पेशी, प्रकल्पाच्या नोंदी

३ जून २०२५, मंगळवार

वही आजपासून. उद्देश थोडक्यात असा : सोडियम आणि पोटॅशियमच्या आयनांना पाणी किती घट्ट धरून ठेवतं ते पुंज रसायनशास्त्राने काढायचं. त्यावरून हे आयन पेशीपटलातून किती वेगाने ये-जा करतात ते, आणि त्यावरून पेशीचं घनफळ. कागदावर तीन चौकोन आणि दोन बाण काढले. देखणं दिसतं.

मार्गदर्शक मॅडमना दाखवलं. त्यांनी चौकोनांकडे लक्षच दिलं नाही, बाणांवर बोट ठेवलं. म्हणाल्या, "शेवटच्या चौकोनात किती चूक खपेल ते आधी काढ. मग तिथून उलटी मागे ये." मी कोणता प्रोग्रॅम वापरायचा, संगणकावर किती तास मिळतील, अशा प्रश्नांची तयारी करून गेले होते.

कामाची वाटणी ठरली. रसायनाची गणितं माझी. पेशीचं मॉडेल आणि सूक्ष्मदर्शकाखाली वाढणाऱ्या जिवाणूंची मोजमापं जोडीदाराची. तो जीवभौतिकीचा. त्याला हार्ट्री हे ऊर्जेचं एकक ऐकूनही माहीत नव्हतं, मला जिवाणू किती लांब असतो ते सांगता आलं नसतं. म्हणजे बरोबरी झाली.

५ जून

उलटा हिशोब केला आणि दिवस तिथेच संपला.

एकाच जातीचे, एकाच द्रवात वाढणारे जिवाणू घेतले, तर जन्माच्या वेळची त्यांची लांबी सरासरीच्या दहा-पंधरा टक्के इकडे-तिकडे असते. एवढ्या बारीक पसाऱ्याबद्दल काही म्हणायचं, तर मॉडेलमधले दरही साधारण १०% पर्यंत बरोबर हवेत. दर ठरतो ऊर्जेच्या अडथळ्यावरून, आणि तोही घातांकाने. ३१० केल्विनला उष्णतेच्या हालचालीचं माप ०.६१६ किलोकॅलरी प्रति मोल. म्हणून अडथळा काढताना १ किलोकॅलरीची चूक झाली, तर दर पाच पटींनी चुकतो. दर १०% च्या आत हवा असेल, तर अडथळा ०.०६ किलोकॅलरीपर्यंत अचूक हवा.

आणि या क्षेत्रात 'रासायनिक अचूकता' म्हणून जिचा मान आहे ती मर्यादा आहे १ किलोकॅलरी. म्हणजे मी सगळं उत्तम केलं, तरी पेशीच्या मॉडेलला दिलेला आकडा पाच पट जास्त किंवा पाच पट कमी असू शकतो. दुसऱ्याच दिवशी पहिला बाण मोडला.

भौतिकशास्त्रज्ञ डिरॅकने १९२९ मध्ये लिहून ठेवलं होतं की रसायनाला लागणारे भौतिक नियम आता पूर्ण माहीत झाले आहेत, अडचण एवढीच की त्यांतून येणारी समीकरणं सुटण्यासारखी नाहीत. माझ्या टिपणात 'एवढीच' या शब्दाखाली पेन्सिलने दोन रेघा आहेत.

९ जून

सोडियमला हात घालण्याआधी सराव म्हणून हायड्रोजनचा रेणू. दोन प्रोटॉन, दोन इलेक्ट्रॉन, अंतर १.४ बोर, म्हणजे ०.७४ अँगस्ट्रॉम.

हार्ट्री-फॉक पद्धतीत प्रत्येक इलेक्ट्रॉनला दुसरा इलेक्ट्रॉन दिसत नाही, त्याचा सरासरी ढग दिसतो. खऱ्या रेणूत दोघं एकमेकांना चुकवत फिरतात, आणि ही चुकवाचुकवी हिशोबातून सुटते. या पद्धतीने जास्तीत जास्त जवळ गेलो तर ऊर्जा येते −१.१३३६ हार्ट्री. अचूक उत्तर −१.१७४५. टक्केवारीत ९६.५ गुण, पहिला वर्ग. पण उरलेले ०.०४०९ हार्ट्री म्हणजे जवळजवळ २५.७ किलोकॅलरी. बंध तोडायला खरी ऊर्जा लागते १०९.५, हार्ट्री-फॉक सांगते ८३.८. पाव बंध गायब.

एकूण ऊर्जेशी रसायनाला देणंघेणं नसतं. दोन मोठ्या आकड्यांची वजाबाकी करून उरतं ते रसायन, आणि चूक नेमकी त्या उरलेल्या भागात जाऊन बसते.

याच रेणूचे अणू एकमेकांपासून लांब नेले तर आणखी गंमत. दोन्ही इलेक्ट्रॉन एकाच कक्षकात कोंबलेले असल्यामुळे, अणू कितीही दूर गेले तरी अर्ध्या वेळा दोन्ही इलेक्ट्रॉन एकाच प्रोटॉनपाशी सापडतात. म्हणजे निम्मा रेणू दोन अणूंमध्ये तुटण्याऐवजी एक धन आणि एक ऋण आयन असा तुटतो. जोडीदाराला आलेख दाखवला. तो म्हणाला, "तुमच्याकडे हे शंभर वर्षं चालतंय?" मी म्हटलं, चालत नाही म्हणून तर पुढच्या पद्धती निघाल्या.

१२ जून

लाजिरवाणी नोंद, पण वही त्यासाठीच आहे.

सोडियम आयन आणि पाण्याचा एक रेणू. प्रोग्रॅमने पहिल्याच ओळीला नकार दिला : इलेक्ट्रॉनांची संख्या आणि स्पिन जुळत नाहीत. मी स्पिनचा आकडा ० चा १ केला. चाललं. दिवसभर बेसिस सेट (इलेक्ट्रॉनांचे ढग ज्या तयार फलनांच्या बेरजेने लिहायचे तो संच) बदलत राहिले आणि बंध इतका कमकुवत का येतोय म्हणून डोकं खाजवत राहिले.

संध्याकाळी लक्षात आलं की विद्युतभाराची ओळ लिहिलीच नव्हती. सोडियम आयनाचे १० आणि पाण्याचे १० मिळून २० इलेक्ट्रॉन हवे होते. माझ्याकडे होते २१. आयन नव्हताच तो, सोडियमचा अख्खा अणू होता. प्रोग्रॅम सकाळीच ओरडून सांगत होता, मी त्याचं तोंड बंद केलं. यापुढे नियम : चूक दाखवणारा संदेश आला की आधी कागदावर इलेक्ट्रॉन मोजायचे.

१३ जून

भार +१ लिहिला. आकडे ताळ्यावर आले.

ताडून बघायला प्रयोगातले आकडे आहेत. वायुरूपात सोडियम आयनाला पाण्याचा पहिला रेणू चिकटतो तेव्हा सुमारे २४ किलोकॅलरी प्रति मोल बाहेर पडतात, पोटॅशियमला सुमारे १८.

माझ्या लहान बेसिस सेटवर बंध जास्तच घट्ट येतोय. कारण जुनं आणि ठाऊक असलेलं. एकट्या पाण्याच्या रेणूकडे स्वतःची मोजकीच फलनं असतात. आयन शेजारी आला की पाण्याचे इलेक्ट्रॉन त्याचीही रिकामी फलनं उसनी घेतात आणि आपली ऊर्जा सुधारून घेतात. ही सुधारणा बंधाच्या खात्यात जमा होते. बॉइज आणि बर्नार्डी यांनी १९७० मध्ये सुचवलेला उपाय सरळ आहे : एकट्या रेणूची ऊर्जा काढतानाही शेजाऱ्याची फलनं त्या जागी ठेवायची, फक्त शेजारी नसतो. दोन्ही बाजूंना एकच मोजपट्टी. केलं. घट्टपणा उतरला.

मध्यंतरी कंटाळा आला म्हणून पेन्सिलने एक हिशोब केला. पाणी म्हणजे १.८५ डिबायचा द्विध्रुव, आयन म्हणजे एक बिंदुभार. अंतर सोडियमसाठी २.३ आणि पोटॅशियमसाठी २.६५ अँगस्ट्रॉम धरलं. उत्तरं आली २४.२ आणि १८.२! संगणकाचे चार दिवस आणि पेन्सिलची चार मिनिटं एकाच ठिकाणी. थोडा वेळ फार आनंद झाला. मग आठवलं की या हिशोबात पाण्याच्या ढगाचं आयनाकडे ओढलं जाणं नाही आणि जवळ आल्यावर दोन ढगांचं एकमेकांना ढकलणंही नाही. दोन्ही वगळल्या आणि त्या एकमेकींना कापून गेल्या. उत्तर बरोबर, रीत चुकीची. शाळेत याला निम्मे गुण मिळायचे.

१७ जून

आजची नोंद लांब होणार.

पुढची पायरी सहसंबंधाची, म्हणजे इलेक्ट्रॉनांची चुकवाचुकवी हिशोबात आणण्याची. सगळ्यात भाबडी वाट अशी : मूळ रचनेतून एक किंवा दोन इलेक्ट्रॉन वरच्या कक्षकांत उचलून ज्या रचना मिळतात, त्या सगळ्या मिसळायच्या. नाव सीआयएसडी. एका हायड्रोजन रेणूत इलेक्ट्रॉनच दोन, त्यामुळे दोनपर्यंत उचलले की सगळं आलं, उत्तर त्या बेसिसपुरतं अचूक.

मॅडम म्हणाल्या, आता असेच दोन रेणू एकमेकांपासून खूप दूर ठेव आणि ऊर्जा दुप्पट येते का बघ. मी म्हटलं, येणारच, ते एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत. "बघ तर."

सगळ्यात लहान बेसिसमध्ये हे हातानेही होतं. सहसंबंध ऊर्जा = ड − √(ड² + न × क²). इथे न म्हणजे रेणूंची संख्या, ड = ०.७८८७, क = ०.१८१३ हार्ट्री. एका रेणूला −०.०२०६ येतात. दोन रेणूंना यायला हवेत −०.०४११, येतात −०.०४०६. फरक अर्ध्या मिलिहार्ट्रीचा, सोडून देण्यासारखा. पण थांबले नाही. दहा रेणूंना हवेत −०.२०५७, येतात −०.१८६४. आता तूट १२ किलोकॅलरींची. शंभर रेणूंना हवेत −२.०५७, येतात −१.१८८. चाळीस टक्क्यांहून जास्त ऊर्जा हरवली, आणि रेणू अजूनही एकमेकांना ओळखत नाहीत.

सूत्राकडे बघितलं की दिसतं : न वर्गमुळात अडकलाय. रेणू वाढवत गेलो की ऊर्जा न च्या पटीत वाढत नाही, √न च्या पटीत वाढते. दर रेणूमागे सहसंबंध कमी होत होत शून्याकडे जातो. शंभर माणसांच्या गावात एका वेळी एकाच घरात दिवा लावता येईल असा नियम केल्यासारखं हे. कारण दोन दूरच्या रेणूंत एकाच वेळी प्रत्येकी दोन इलेक्ट्रॉन उचलले गेले, तर ती एकूण चारांची उचल होते, आणि माझ्या पद्धतीत दोनाच्या वर परवानगी नाही. निसर्गाला अशी परवानगी घ्यावी लागत नाही.

यात दोन वेगळ्या अटी आहेत आणि मी आजपर्यंत त्या एकच समजत होते. दोन वस्तू एकमेकींपासून दूर ठेवल्या तर ऊर्जांची बेरीज झाली पाहिजे, ही एक अट. एकच वस्तू मोठी करत नेली तर ऊर्जा तिच्या आकारमानाच्या प्रमाणात वाढत गेली पाहिजे, ही दुसरी. बहुतेक वेळा एकत्र नांदतात, पण प्रश्न वेगळे : पहिल्यात दोन वस्तू आहेत, दुसऱ्यात एकच.

हा फरक वहीच्या कव्हरवर लिहून ठेवला. का ते अजून नीट सांगता येत नाही.

१८ जून

कालच्या रोगावर औषध आहे : कपल्ड क्लस्टर. उचलींची बेरीज करण्याऐवजी त्यांचा घातांक घ्यायचा. दोन स्वतंत्र गोष्टींच्या बेरजेचा घातांक म्हणजे दोन घातांकांचा गुणाकार, त्यामुळे दूरचे रेणू आपोआप सुटे होतात. जोड्यांच्या जोड्या न मागता येतात. १९६६ मध्ये चिझेकने हे रसायनात आणलं; कल्पना मुळात अणुगर्भाच्या भौतिकीतली.

किंमत मात्र मोजावी लागते. कपल्ड क्लस्टरच्या सीसीएसडी(टी) या लाडक्या प्रकारात गणिताचा खर्च आकारमानाच्या सातव्या घाताने वाढतो. रेणू दुप्पट, तर वेळ १२८ पट. सोडियमभोवती पाण्याचा एक रेणू तासाभरात होत असेल, तर आठ रेणूंची कल्पनासुद्धा नको. आणि पद्धत एवढी चांगली असूनही, नायट्रोजनचा तिहेरी बंध ताणत नेला की ती कोसळते, कारण तिथे सुरुवातीची एकच रचना मुख्य मानण्याची सोय राहत नाही. मग सगळ्या रचना घ्याव्या लागतात. १८ इलेक्ट्रॉन १८ कक्षकांत बसवायचे प्रकार २३६ कोटींहून जास्त. सुदैवाने माझ्या आयनांना कोणी ताणत नाही.

२३ जून

रांगेत रन लावून ठेवले आणि जोडीदाराच्या बाजूला गेले. त्याने फळ्यावर एक पेशी काढली : पिशवी, आत बाहेर पडू न शकणारे रेणू (प्रथिनं, न्यूक्लिक आम्लं, बहुतेक ऋणभारित), आणि पटलातून मोकळेपणी जाणारे लहान आयन आणि पाणी. प्रश्न : ही पिशवी केवढी होईल?

उत्तर : फुटेपर्यंत. कारण इतकं साधं आहे की मला आधी पटलं नाही. बाहेर धन आयन १५० मिलिमोलर, ऋण आयन १५०. समतोलात आतल्या धन आणि ऋण आयनांचा गुणाकार बाहेरच्या एवढा, म्हणजे २२,५०० असायला हवा. आत १०० मिलिमोलर अडकलेला ऋणभार आहे, म्हणून धन आयन ऋणांपेक्षा १०० ने जास्त. सोडवलं की धन २०८, ऋण १०८. दोघांची बेरीज ३१६, वर अडकलेले १०० धरून ४१६. बाहेर एकूण ३००. पाणी आत येतच राहणार.

आकडे कोणतेही घ्या, निष्कर्ष बदलत नाही. गुणाकार तोच असेल, तर असमान जोडीची बेरीज समान जोडीपेक्षा नेहमी मोठी. वनस्पती आणि जिवाणू यावर भिंत बांधतात. आपल्या पेशींना भिंत नाही. त्या पंप चालवतात.

२६ जून

पंप म्हणजे सोडियम-पोटॅशियम पंप, १९५७ मध्ये स्कौने शोधलेला. एटीपीचा एक रेणू खर्चून तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत. सोडियम गळत आत येतो तसा बाहेर फेकला जातो, म्हणून तो जणू बाहेरच अडकल्यासारखा वागतो आणि आतल्या अडकलेल्या रेणूंचा तोल सांभाळतो. पंप बंद पाडणारं औषध दिलं की पेशी फुगते.

आता ती दुपटीची परीक्षा इथे लावली. वहीचं कव्हर कामाला आलं.

एकसारख्या दोन पेशी शेजारी ठेवल्या, तर सगळंच दुप्पट : घनफळ, पटल, पंप, डीएनए. यात शिकण्यासारखं काही नाही. पण एकाच पेशीत सगळा माल दुप्पट भरला तर? घनफळ दुप्पट, पटलाचं क्षेत्रफळ मात्र १.५९ पट. आम्ही दोघांनी गृहीत धरलं की दर घनफळामागे पंप कमी पडणार आणि मोठी पेशी जास्त फुगणार. जोडीदाराने त्या निष्कर्षाचा आलेखही काढायला घेतला.

मॉडेल चालवलं तर तसं झालं नाही. स्थिर घनफळ बरोबर दुप्पट. अर्धा तास मी चूक शोधत होते, आणि या वेळी चूक नव्हती. गळतीही पटलातूनच होते! पंप १.५९ पट, गळतीही १.५९ पट. समतोल ठरतो या दोघांच्या गुणोत्तरावरून, आणि त्यातून क्षेत्रफळ निघून जातं. आत अडकलेले रेणू दुप्पट, म्हणून घनफळ दुप्पट. फरक पडतो तो वेळेत : मोठ्या पेशीला त्या स्थितीला पोहोचायला सुमारे १.२६ पट वेळ लागतो, कारण भरायचं घनफळ दुप्पट आणि दरवाजे १.५९ पट.

बॉइज-बर्नार्डींची आठवण झाली. चूक दोन्ही बाजूंना सारखी असेल तर वजाबाकीत जाते, क्षेत्रफळ दोन्ही बाजूंना सारखं असेल तर भागाकारात जातं.

३० जून

जोडीदाराला आजपर्यंत वाटत होतं की पेशीचं घनफळ प्रथिनं ठरवतात, कारण कोरड्या वजनात निम्म्याहून जास्त तीच. मोजून बघितलं. एका घन मायक्रोमीटरमध्ये अंदाजे ३० लाख प्रथिनं, म्हणजे सुमारे ५ मिलिमोलर. परासरणाचा, म्हणजे पाणी ओढणाऱ्या सगळ्या कणांचा, एकूण हिशोब ३०० चा. वजनात राजा, संख्येत भिकारी. खरी गर्दी लहान रेणूंची आणि आयनांची. प्रथिनं घनफळावर सत्ता गाजवतात ती आडून : ती विकरं बनून लहान रेणू तयार करतात, पंप बनून आयन फेकतात.

मग दुपटीला न जुमानणाऱ्या गोष्टींची यादी केली. डीएनए मात्र तेवढंच राहतं, पेशी वाढली म्हणून त्याच्या प्रती वाढत नाहीत. यीस्टच्या पेशी प्रमाणाबाहेर वाढवल्या तर डीएनए कमी पडून पेशीद्रव पातळ होत जातं आणि पेशी म्हातारीसारखी वागू लागते, असं २०१९ मध्ये दाखवलं गेलं. उलट केंद्रक पेशीबरोबर इमानाने वाढतं. विखंडन यीस्टमध्ये (मधोमध दुभंगून विभागणाऱ्या यीस्टमध्ये) ते पेशीच्या घनफळाच्या सुमारे ८% राहतं.

आणि एक प्रथिन मुद्दाम दुपटीबाहेर ठेवलेलं : यीस्टमधलं व्हाय-५. २०१५ मध्ये मांडलेली कल्पना अशी की हे प्रथिन पेशीच्या आकाराकडे न बघता ठराविक प्रमाणात बनतं, म्हणून पेशी वाढली की ते विरळ होतं. विरळपणा एका पातळीखाली गेला की विभाजनाची वाट मोकळी. याच्या विरोधातली मोजमापंही आली आहेत, वाद मिटलेला नाही. कल्पना मात्र मला फार आवडली. मोजपट्टी म्हणून पेशीने अशीच वस्तू निवडायला हवी जी तिच्याबरोबर वाढत नाही. माझी सीआयएसडी हे काम फुकट करून देते, फक्त तिथे ते नको असतं.

२ जुलै

छोटी नोंद. पेशीद्रवात प्रथिनाचा विसरण गुणांक, म्हणजे आपोआप पसरत जाण्याचं माप, अंदाजे १० वर्ग मायक्रोमीटर प्रति सेकंद धरला, तर १ मायक्रोमीटर जायला सेकंदाचा साठावा भाग, १० मायक्रोमीटरला पावणेदोन सेकंद, १ मिलिमीटरला साडेचार तासांहून जास्त, १ सेंटिमीटरला १९ दिवस. २०२२ मध्ये जाहीर झालेला थायोमार्गारिटा मॅग्निफिका हा जिवाणू सेंटिमीटरभर लांब असतो, मग तो जगतो कसा? आत मोठी पोकळी, पेशीद्रव कडेला पातळ थरात, आणि डीएनएच्या असंख्य प्रती जागोजागी पुड्या करून ठेवलेल्या. अंतर कापायचंच नाही, प्रत्येक वस्तीत वेगळं दुकान. रन अजून रांगेतच.

७ जुलै

जोडीदाराच्या डेटाचा दिवस. प्रश्न : जिवाणू कधी विभागायचं ते कसं ठरवतो? तीन उमेदवार. ठराविक लांबी झाली की विभागायचं, हा सायझर. ठराविक वेळ झाली की, हा टायमर. जन्मल्यापासून ठराविक भर पडली की, हा ॲडर.

टायमर लगेच बाद होतो. वाढ घातांकी असेल, तर मोठा जन्मलेला मोठाच राहतो, आणि दर पिढीची चूक साठत जाते. पिढीला १०% गोंधळ धरला तर हजार पिढ्यांनंतर लघुगणकातला पसारा ३.१६, म्हणजे एकेक मानक विचलन जवळजवळ २४ पटींचं. असे जिवाणू कोणी पाहिलेले नाहीत. ॲडर मात्र हुशार आहे आणि त्याला हुशारी लागत नाही : जास्तीची लांबी दर विभाजनाला अर्धी होते. ०.४ ने मोठा जन्मला, तर मूल ०.२ ने, नातू ०.१ ने. भर टाकताना २०% गोंधळ झाला, तर जन्मलांबीत तो २०% भागिले √३, म्हणजे ११.५% उरतो. आमच्या डेटातला पसारा याच्या आसपासचा आहे. २०१४ नंतर अनेक जिवाणूंमध्ये हेच वागणं दिसलं आहे.

जोडीदाराने जन्मलांबीसमोर भर मांडली. निखळ ॲडर असेल तर रेषा आडवी हवी. त्याची रेषा थोडी उतरती, उतार −०.१६. तो उत्साहात : "ॲडर आहे, पण थोडा सायझरही मिसळलाय!" जैविक कारणही तयार होतं त्याच्याकडे.

मला १२ जून आठवला. निखळ ॲडरचा बनावट डेटा तयार केला, सायझरचा अंशही नाही, आणि जन्मलांबी मोजताना ५% चूक मिसळली. उतार? −०.१६.

कारण आलेखातच आहे. भर म्हणजे शेवटची लांबी वजा जन्मलांबी. जन्मलांबी चुकून जास्त मोजली गेली, तर आडव्या अक्षावर ती उजवीकडे सरकते आणि उभ्या अक्षावर तेवढीच खाली येते. एकच चूक दोन्ही अक्षांवर, उलट चिन्हाने. उतार आपोआप तयार होतो. ५% म्हणजे तरी किती? जन्मलांबी २.५ मायक्रोमीटर, चित्रातला एक पिक्सेल ०.०६५. दोन पिक्सेल फक्त. पेशीची कड कुठे संपते हे ठरवण्यात एवढं सहज इकडे-तिकडे होतं.

त्याने तोंड पाडलं, पण तासाभरात उपायही त्यानेच काढला : जन्माच्या एकट्या चित्रावर विसंबायचं नाही, सगळ्या वाढीच्या चित्रांवर वक्र बसवून त्यावरून जन्मलांबी काढायची. चूक २% च्या आसपास आली, उतार −०.०३. सायझर गेला. त्याचं जैविक कारण मात्र फळ्यावर अजून आहे, पुसू देत नाही.

१५ जुलै

पहिल्या दिवसाच्या तीन चौकोनांकडे परत.

जे जमलं ते असं. पाण्यातून बाहेर काढायला सोडियम पोटॅशियमपेक्षा सुमारे १७ किलोकॅलरीने महाग पडतो. पोटॅशियमच्या वाहिनीत, म्हणजे पेशीपटलातल्या त्याच्या दारात, प्रत्येक जागी आठ ऑक्सिजन असतात. ते पोटॅशियमला पाण्याची उणीव भासू देत नाहीत, लहान सोडियमची मात्र पूर्ण भरपाई करत नाहीत. वाहिनी पोटॅशियमला हजार पटींनी झुकतं माप देते असं धरलं, तर ३१० केल्विनला तो फरक ४.३ किलोकॅलरींचा. माझ्या पद्धतीत दोन आयनांच्या चुका बऱ्याच सारख्या आहेत, वजाबाकीत त्यातल्या बऱ्याच जातात. समजा १ किलोकॅलरी उरली. हजाराऐवजी दोनशे किंवा पाच हजार येईल, पण कोण आत शिरणार ते बदलणार नाही.

किती वेगाने शिरणार, तिथे मात्र वजा करायला जोडीदार आयन नाही. ती १ किलोकॅलरी पूर्ण अंगावर येते आणि पाच पटींची चूक होते. ५ जूनचा हिशोब तसाच उभा आहे.

मॅडमशी बोलून ठरलं की पहिला बाण खोडायचा. पेशीच्या मॉडेलमध्ये गळतीचे दर मोजलेले घालायचे, गणिताने काढलेले नाहीत. माझं गणित फक्त निवडीबद्दल बोलेल. मॅडम म्हणाल्या, "मग आता हे दोन प्रकल्प आहेत." मी म्हटलं, एकमेकांपासून दूर ठेवलेले. त्या हसल्या. बहुतेक समजलं त्यांना.

अहवालात २६ जूनचा निकाल पहिला येईल. ७ जुलैचा उतार परिशिष्टात, जोडीदाराच्या परवानगीने.

१८ जुलै

पोटॅशियम, तिहेरी गुणवत्तेचा बेसिस, पाण्याचे चार रेणू : रन सकाळी अर्ध्यावर थांबला होता, डिस्क भरली. जुन्या तात्पुरत्या फाइली पुसल्या. त्यात २१ इलेक्ट्रॉनांचा तो सोडियमही होता. पुसण्याआधी त्याच्या नोंदफाइलीची पहिली ओळ वाचली. भार ०, स्पिन १, चूक नाही.

रन पुन्हा लावला आहे. या वेळी कागदावर मोजले : पोटॅशियम आयनाचे १८, पाण्याचे चाळीस, एकूण ५८.